दहा इंची की बारा इंची? घरच्या सुतारकामासाठी मायटर सॉ घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बँकेतून निवृत्त झालात, चिंचवडला गच्चीवर १० बाय १२ फुटांची पत्र्याची शेड आहे, पुस्तकांची कपाटं, फोटोफ्रेम आणि नातवासाठी टेबल-स्टूल करायचं मनात आहे. बजेट २५ हजार. मायटर सॉ, म्हणजे फळी-पट्टी आडवी किंवा तिरकी तोडणारी टेबलावरची विजेची करवत, दहा इंची ब्लेडचा घ्यावा की बारा इंची, स्लायडिंग (सरकत्या डोक्याचा) हवा की साधा चालेल, आणि न्यू जर्सीतला मुलगा दिवाळीला येताना तिकडून आणतो म्हणतो, तर आणू द्यावा का? शिवाय खंडेनवमीच्या पूजेत नवीन मशीन मांडायची इच्छा आहे. आता खंडेनवमी दिवाळीच्या आधी येते, त्यामुळे मुलाचं आणि पूजेचं गणित तसंही जुळत नाही. पण मुलाच्या मुद्द्याकडे शेवटी येतो, कारण त्यात एक गंमत आहे.

उत्तर आधी देऊन टाकतो: दहा इंची, साधा म्हणजे न सरकणारा, तुमच्या गावात सर्व्हिस सेंटर असलेल्या कंपनीचा. सोबत ६० दातांचं एक चांगलं ब्लेड. उरतील ते पैसे मशीनच्या दोन्ही बाजूंना लाकूड टेकवायची सोय करण्यात घाला. दुकानदार तुम्हाला ब्लेडचा आकार, वॅट आणि कटाची रेषा दाखवणारा लेझर दाखवेल. तुम्ही फेन्स बघा. फेन्स म्हणजे ब्लेडच्या मागची ती उभी पट्टी, जिला लाकूड टेकवून आपण कापतो. चांगला जोड बसतो तो या पट्टीच्या जिवावर.

पण त्याआधी एक अप्रिय गोष्ट. तुमच्या यादीत पहिलं नाव पुस्तकांच्या कपाटाचं आहे. आजकाल कपाट म्हणजे प्लाय, आणि प्लाय येतो ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये. ते शीट मायटर सॉवर कापता येत नाही. हे मशीन एकच काम करतं: लांब पट्टी किंवा फळी आडवी तोडणं, सरळ किंवा तिरकी. लांबीत उभं चिरणं त्याचं काम नाही आणि तसा प्रयत्नही कधी करू नका. तेव्हा कपाटं प्लायची असतील, तर आधी सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरून लाकडावर चालवायची गोल ब्लेडची करवत, आणि तिला चालवायला एक सरळ गाइड घ्या. सात-सव्वासात इंची सर्क्युलर सॉ आणि अॅल्युमिनियमची सरळ पट्टी एवढ्यात शीट उत्तम कापलं जातं. आपल्याकडचे बरेच कारागीर टाइल कापायच्या मार्बल कटरला चार इंची लाकडाचं ब्लेड लावून शीट चिरतात, कधी तो कटर उलटा करून टेबलाखाली बसवतात. मी तरुणपणी हे केलंय. आज माझ्याकडच्या पोराला करू देत नाही. तुम्ही तर छंद म्हणून करताय, मग ती जोखीम कशाला?

हां, कपाटं सागवानाच्या किंवा पाइनच्या फळ्यांची करणार असाल, फ्रेम आणि स्टुलं करणार असाल, तर मायटर सॉइतकं कामाचं दुसरं मशीन नाही. स्टुलाचे चार पाय एकाच लांबीचे निघणं काय असतं, हे ज्याने हातकरवतीने पाय कापून शेवटी घासून घासून स्टूल बुटकं केलंय त्यालाच कळतं.

दुकानात जायच्या आधी कागदावर लिहून काढा: पुढच्या वर्षभरात कापणार असलेल्या लाकडाची सगळ्यात मोठी रुंदी किती आणि जाडी किती. फ्रेमची पट्टी दीड-दोन इंच. स्टुलाचा पाय दीड बाय दीड, फार तर दोन बाय दोन. टेबलाच्या चौकटीची पट्टी तीन-चार इंच. दहा इंची साधा सॉ सरळ कटात साधारण साडेपाच इंच रुंद आणि दीड इंच जाड लाकूड एका दमात तोडतो, पंचेचाळीसच्या कटात साडेतीन इंच रुंद. रुंदी कमी असली तर दोन इंच जाडीही चालते. म्हणजे तुमच्या यादीतलं जवळजवळ सगळं त्यात बसतं. बसत नाही ती कपाटाची १० किंवा १२ इंच रुंद फळी.

हे साडेपाच आणि साडेतीन इंचाचे विचित्र आकडे कुठून आले? ही मशीनं मुळात अमेरिकन घरबांधणीच्या हिशेबाने घडली आहेत. तिकडे लाकडी सांगाड्याची घरं, आणि त्यातलं लाकूड ‘टू बाय फोर’, ‘टू बाय सिक्स’ या नावांनी विकलं जातं. नाव टू बाय फोर असलं, तरी रंधून झाल्यावर हातात येतं ते दीड बाय साडेतीन इंच. टू बाय सिक्स म्हणजे दीड बाय साडेपाच. कॅटलॉगमध्ये ‘२×६ कापतो’ असं लिहिलेलं वाचून तुम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून सहा इंच रुंद कातीव फळी आणलीत, तर ती अर्धा इंच उरेल आणि तुम्ही मशीनला दोष द्याल. तेव्हा कॅटलॉगमधले मिलिमीटरचे आकडे वाचा. रुंदी आणि उंची अशी जोडी दिलेली असते. त्यात सरळ कटाची, पंचेचाळीसच्या कटाची आणि ब्लेड कलवून होणाऱ्या कटाची जोडी वेगवेगळी असते.

तीच गोष्ट त्या ३१.६ अंशाच्या खुणेची. मशीनच्या गोल तळावर १५, २२.५, ३०, ४५ अशा खाचा असतात, त्यात मध्येच ३१.६ कुठून आलं असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. छत आणि भिंत यांच्या कोपऱ्यात तिरकी बसणारी लाकडी गलथी, जिला तिकडे क्राउन मोल्डिंग म्हणतात, ती आडवी ठेवून कापताना तळ ३१.६ अंशावर फिरवायचा आणि ब्लेड ३३.९ अंशांनी कलवायचं. त्याच कामासाठी ब्लेड दोन्ही बाजूंना कलणारी महागडी मॉडेलं निघाली. आपल्याकडे छताच्या कोपऱ्याला पीओपी असतं. गेल्या २३ वर्षांत मी लाकडी गलथीसाठी ती खूण वापरली असेल एकदा, कोल्हापुरातल्या एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत. तेव्हा ‘डबल बेव्हल’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका. एका बाजूला कलणारं ब्लेड तुम्हाला पुष्कळ झालं.

आता स्लायडिंग. स्लायडिंगमध्ये ब्लेडचं डोकं दोन नळ्यांवर पुढेमागे सरकतं, म्हणून साडेआठ किंवा दहा इंचाच्या ब्लेडनेही साधारण १२ इंच रुंद फळी तोडता येते. मोह होतो, मलाही झाला होता. २००९ साली मी कर्ज काढून बारा इंची स्लायडिंग घेतला. दोन गोष्टी उशिरा कळल्या. पहिली जागेची. नळ्या मागे येतात, त्यामुळे मशीन भिंतीपासून बरंच पुढे घ्यावं लागतं. हँडलपासून मागच्या नळीच्या टोकापर्यंत सव्वातीन-साडेतीन फूट सहज जातात. तुमच्या शेडची एक बाजू १० फूट आहे, त्यातले साडेतीन एका मशीनने खाल्ले तर तुम्ही उभे कुठे राहणार? नळ्या पुढच्या बाजूला घेतलेली किंवा नळ्यांऐवजी घडीचा हात दिलेली मॉडेलं भिंतीलगत बसतात, पण ती तुमच्या बजेटच्या दुपटीतही येणार नाहीत.

दुसरी गोष्ट ढिलेपणाची. डोकं जितकं पुढे ओढाल तितकं ते टोकाला हलतं. चांगल्या मशीनमध्ये अगदी कमी, स्वस्त मशीनमध्ये डोळ्यांना दिसेल इतकं. म्हणून माझा नियम साधा आहे: स्लायडिंग घ्यायचा तर चांगला घ्या, नाहीतर घेऊच नका. २५ हजारांत मिळणारा अनोळखी नावाचा स्लायडिंग आणि त्याच पैशातला नावाजलेला साधा दहा इंची, यात मी डोळे झाकून दुसरा उचलेन. कपाटाच्या रुंद फळ्या तुम्ही त्या सर्क्युलर सॉ आणि गाइडने तोडा, तो तसाही घ्यावा लागणारच आहे. जेमतेम दहा इंच रुंद फळी असेल तर साध्या सॉवर अर्धी तोडून, उलटी करून उरलेली तोडता येते. फेन्स खरा असेल तर दोन कट एका रेषेत भेटतात. नसेल तर मध्ये पायरी दिसते.

बारा इंची साधा घ्यावा का? चौकटीची जाड लाकडं, पाच बाय तीनची, रोज कापायची असतील तर जरूर. माझ्याकडे दारांचं काम असतं म्हणून मी वापरतो. घरी मात्र बारा इंची ब्लेड महाग, धार लावायचा खर्च जास्त, मशीन जड, आणि मोठ्या पातळ चकतीला थरथर जास्त. फ्रेमच्या दीड इंची पट्टीला ते चकचकीत मोठं ब्लेड म्हणजे भाजी चिरायला कोयता.

आता फेन्सकडे येतो. इथे थोडा वेळ घेतो, कारण तुमचे पैसे वाचणार असतील तर इथेच.

२०११ मध्ये एका छायाचित्रकाराच्या प्रदर्शनासाठी ३६ फ्रेम करायच्या होत्या. सागवानाच्या, दोन इंच रुंद पट्टीच्या. मशीन नवीन, ब्लेड नवीन, खाच पंचेचाळीसवर टक्कन बसलेली. तीन कोपरे सुंदर जुळले आणि चौथा दर वेळी आतून उघडा. मी आधी लाकडाला शिव्या दिल्या, मग क्लॅम्पला, मग पोराला. संध्याकाळी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) घेऊन बसलो तेव्हा कळलं, की फेन्सचे डावा आणि उजवा असे जे दोन भाग असतात ते एका रेषेतच नव्हते. डाव्या बाजूला टेकवून कापलेली पट्टी आणि उजव्या बाजूला टेकवून कापलेली पट्टी यांचे कोन वेगळे येत होते.

हिशेब करून बघा. एका फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ कट. प्रत्येक कट फक्त पाव अंशाने चुकला आणि सगळे एकाच दिशेने चुकले, तर शेवटच्या कोपऱ्यात दोन अंश साठतात. दोन इंच रुंद पट्टीचा तिरका कट पावणेतीन इंचांहून थोडा लांब असतो, त्यावर दोन अंश म्हणजे अडीच मिलिमीटरची फट. आमच्या भाषेत पाऊण सुतापेक्षा जरा जास्त. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) एवढी फट भरायला पुट्टी लागते, आणि सागवानावर भरलेली पुट्टी पॉलिशनंतर जन्मभर डोळा मारत राहते. पाव अंश दुकानात उभ्या उभ्या कुणालाच दिसत नाही.

म्हणून दुकानात जाताना तीन वस्तू बरोबर न्या: एक फूटभर स्टीलची पट्टी, एक चांगला गुण्या आणि चार इंच रुंद एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) दोन फूट लांब पट्टी. एमडीएफच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर हव्यात, मशीनवर कापून घेतलेली असली तर उत्तम.

मशीनची वायर काढलेली असताना स्टीलची पट्टी फेन्सच्या दोन्ही भागांवर आडवी टेकवा आणि मागून उजेड दिसतो का बघा. फट दिसली तर झेरॉक्सचा साधा कागद घालून बघा. त्याची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. एक कागद जेमतेम जातोय तर मी हरकत घेत नाही. चार पदरी घडी आरामात गेली, तर ते मशीन परत खोक्यात. काही फेन्स स्क्रू सैल करून नीट करता येतात, पण एकाच ओतीव तुकड्याचा फेन्स मुळातच वाकडा असेल तर घरी काही करता येत नाही. तळाच्या टेबलावरही तीच पट्टी फिरवा.

मग डोकं खाली दाबून लॉक करा आणि हँडल धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. थोडं हलणारच, सगळी हलतात. खुळखुळ आवाज येत असेल, किंवा ब्लेडचं टोक डोळ्यांना दिसेल इतकं सरकत असेल, तर नको. तळ फिरवून पंचेचाळीसच्या खाचेत बसवा, परत शून्यावर आणा, परत पंचेचाळीस. खाचेत बसल्यावर हाताने ढकलून बघा. खाचेतच ढिलेपणा असेल तर लेझर काय कामाचा?

शेवटची परीक्षा दुकानदार करू देईल की नाही सांगता येत नाही. करू दिली तर तिथे, नाहीतर घरी आणल्याच्या पहिल्या दिवशी करा. शून्यावर लावून एमडीएफची पट्टी मधोमध तोडा. दोन तुकड्यांपैकी एक जसाच्या तसा ठेवा, दुसरा पालथा घाला. दोन्हींच्या कडा एका सरळ पट्टीला टेकवून कापलेली तोंडं समोरासमोर आणा. कट खरा असेल तर तोंडं पूर्ण मिळतात. चूक असेल तर वरच्या किंवा खालच्या टोकाला फट दिसते आणि ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते. चार इंची पट्टीवर पाव अंशाची चूक अशी सुमारे नऊ दशांश मिलिमीटरची फट दाखवते, चष्मा न लावताही दिसेल. म्हणून गुण्यापेक्षा माझा या परीक्षेवर जास्त विश्वास. गुण्या स्वतःच वाकडा असू शकतो, पालथी पट्टी खोटं बोलत नाही. चूक निघाली तरी घाबरू नका. नवीन मशीन बहुतेक वेळा थोडं चुकलेलंच येतं आणि पुस्तिकेत फेन्सचे किंवा कोनाच्या पट्टीचे स्क्रू कसे सैल करायचे ते दिलेलं असतं. अर्धी दुपार जाईल. जाऊ द्या.

लेझरविषयी एकच सांगतो: बॅटरी संपते, आरसा धुळीने भरतो, रेषा सरकते. एलईडी दिव्याने ब्लेडची सावली लाकडावर पाडणारी मॉडेलं आहेत, ती मला आवडतात, कारण सावली ब्लेडच्या दातांचीच असते, वेगळी जुळवावी लागत नाही. पण नसली तरी अडत नाही. फेन्सपुढे एमडीएफची एक उभी पट्टी स्क्रूने लावून ती एकदा कापून घ्या. त्या पट्टीत पडलेली फट म्हणजे ब्लेड नेमकं जिथून जातं ती जागा, पेन्सिलची खूण तिला जुळवायची. आणखी फायदा असा की लाकडाची मागची कड फुटत नाही, कारण तिला मागून आधार मिळतो.

ब्लेड. मशीनबरोबर येणारं ब्लेड बहुतेक वेळा २४ किंवा ४० दातांचं असतं. चौकटीचं लाकूड भरभर तोडायला ठीक, फ्रेमला नाही. ६० दातांचं कार्बाइडच्या टोकाचं ब्लेड घ्या, ८० चं असलं तर फ्रेमसाठी आणखी साफ. दाताचा कल, ज्याला हुक अँगल म्हणतात, तो मायटर सॉसाठी कमी किंवा उणे असावा, पाच अंशांच्या आत. टेबल सॉचं (टेबलाखालून ब्लेड वर येणाऱ्या मशीनचं) पंधरा-वीस अंश कल असलेलं ब्लेड इथे लावलं तर ते लाकूड स्वतःकडे ओढतं आणि हाताला झटका देतं. ब्लेडसाठी अडीच-तीन हजार वेगळे काढूनच बजेट करा. पंधरा हजारांच्या मशीनवर चांगलं ब्लेड हे तीस हजारांच्या मशीनवरच्या बोथट ब्लेडपेक्षा कधीही साफ कापतं.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. ‘चॉप सॉ’ म्हणून तुम्हाला १४ इंची लोखंड कापायचं कट-ऑफ मशीन दाखवतील, दगडी चाक लावलेलं. ते वेल्डिंगवाल्यांचं. त्यात लाकडाचं ब्लेड बसवायचं नाही, आणि मायटर सॉमध्ये लोखंड कापायचं चाक बसवायचं नाही. भुशाच्या पिशवीत ठिणगी गेली की काय होतं हे मी एका शेजाऱ्याच्या गाळ्यात पाहिलंय. आपल्या बाजारात दहा इंची मायटर सॉ जितके विकले जातात त्यातले पुष्कळ अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांकडे जातात. त्यामुळे दुकानदार १०० किंवा १२० दातांचं अॅल्युमिनियमचं ब्लेड हातात ठेवू शकतो. लाकडासाठी आहे ना, हे विचारून घ्या.

मशीन आणलं की ते जमिनीवर ठेवून वापरू नका. आपल्याकडे साइटवर उकिडवं बसून वापरतात, पण साठीच्या गुडघ्यांना ते झेपत नाही आणि चार फूट लांब पट्टीचं टोक लोंबकळलं की कट तिरका जातो. कमरेएवढ्या उंचीचा एक जाड प्लायचा ओटा करा, मशीन त्यात बोल्टने घट्ट बसवा, आणि मशीनच्या टेबलाच्या उंचीला जुळतील असे दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांचे टेकू. उंची जुळवताना तीच स्टीलची पट्टी वापरा. डाव्या टेकूवर मागे एक पट्टी आणि तिला क्लॅम्पने लावायचा एक ठोकळा. हा ठोकळा म्हणजे स्टॉप. एकदा अंतर लावलं की चारही पाय मोजमाप न करता एकसारखे. ठोकळ्याचा खालचा कोपरा रंध्याने थोडा मारून ठेवा, नाहीतर तिथे भुसा साचून प्रत्येक पाय आधीच्यापेक्षा किंचित बुटका निघतो. हे मला शिकवायला एक अख्खं डायनिंग टेबल खर्ची पडलं.

वीज. १६००-१८०० वॅटचं मशीन म्हणजे २३० व्होल्टला सात-आठ अँपियर, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. गच्चीवर पंख्याच्या प्लगवरून पातळ वायर ओढून ते चालवू नका. १६ अँपियरचा सॉकेट, अडीच स्क्वेअर एमएमची तीन तारांची वायर, अर्थिंग तपासलेलं. सुरू करताना एमसीबी पडत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून सी टाइप, म्हणजे सुरुवातीचा झटका सोसणारा, लावून घ्या. सॉफ्ट स्टार्ट असलेलं, म्हणजे हळूहळू वेग घेणारं, मॉडेल मिळालं तर हा त्रास कमी. पावसाळ्यात पत्र्याखालची दमट हवा मशीनच्या लोखंडी भागांना गंज चढवते, महिन्यातून एकदा साधं मेणाचं पॉलिश पुसलं तरी चालतं.

आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कानाला मफ लावा, आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार सोडून कापा, मशीनपेक्षा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकवणं अवघड असतं. धुळीबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. सोबतची पिशवी निम्मा भुसाही पकडत नाही, आणि जो दिसत नाही तो बारीक भुसाच छातीत जातो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या संस्थेने १९९५ मध्येच नोंदवून ठेवलंय. एन-९५ मास्क, मागच्या तोंडाला व्हॅक्युमची नळी, आणि मशीन शेडच्या उघड्या बाजूला. नातू शेडमध्ये असताना एमडीएफ कापायचा नाही.

वापरताना: दहा इंची ब्लेड मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी फिरतं तेव्हा दाताचं टोक ताशी २४० किलोमीटरच्या वेगाने जात असतं. म्हणून आधी पूर्ण वेग येऊ द्या, मग हळू खाली आणा, कट झाला की स्विच सोडा आणि ब्लेड खालीच धरून थांबू द्या, मग वर उचला. फिरतं ब्लेड वर उचललं की शेजारचा कटपीस उडतो. माझ्या मागच्या भिंतीला अशा एका सुपारीएवढ्या तुकड्याचा खड्डा आहे, रंग दिला तरी भरलेला नाही, मुद्दाम. हात ब्लेडपासून सहा इंच लांब, हातमोजे नाहीत, बाही दुमडलेली. फळी वाकलेली असेल तर तिची फुगलेली बाजू फेन्सला टेकवा. उलटी ठेवलीत तर कट होता होता फट मिटते, ब्लेड आवळलं जातं आणि फळी उसळते. हात सहा इंच लांब ठेवता येणार नाही इतका छोटा तुकडा कापायचा असेल तर क्लॅम्प लावा, किंवा हातकरवत घ्या. त्यात कमीपणा नाही.

कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण तुमच्या गावात कुणाचं सर्व्हिस सेंटर चांगलं चालतं हे मला कोल्हापुरातून कळत नाही. फोन करून विचारा: या मॉडेलचे कार्बन ब्रश आणि आर्मेचर (मोटरचे सुटे भाग) तुमच्याकडे स्टॉकला आहेत का? ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्याशिवाय वॉरंटीचं कुणी बोलत नाही. जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण अॅल्युमिनियमवाल्याचं नको. ती दिवसभर घासलेली असतात आणि धातूचा बारीक चुरा मोटरमध्ये गेलेला असतो.

राहिला मुलगा. तिकडचं मशीन १२० व्होल्टचं. मोटर ब्रशवाली असल्याने ६० ऐवजी ५० हर्ट्झचा फारसा प्रश्न नसतो, पण व्होल्टेज उतरवायला तीन केव्हीएचा जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, शेडचा एक कोपरा त्यालाच जाईल, आणि इथलं सर्व्हिस सेंटर त्या मशीनला वॉरंटीत हात लावणार नाही अशी तयारी ठेवा. स्लायडिंग असेल तर विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत ते मावतही नाही. मग तुम्ही म्हणाल, निदान चांगलं ब्लेड आणू दे. इथेच ती गंमत आहे: अमेरिकेतल्या दहा इंची ब्लेडचं मधलं भोक पाच अष्टमांश इंच असतं, म्हणजे जवळजवळ १६ मिलिमीटर. आपल्याकडच्या दहा इंची मशीनच्या दांड्याला २५.४ किंवा ३० मिलिमीटरचं भोक लागतं. मोठं भोक वॉशरने लहान करता येतं, लहान भोक घरी मोठं करायच्या फंदात कुणी पडू नये. इथलं ब्लेड घेतानाही हा आकडा मशीनच्या पुस्तिकेत बघूनच घ्या.

मुलाला काही आणायचंच असेल तर सहा इंची चांगला कॉम्बिनेशन स्क्वेअर, म्हणजे पट्टीवर सरकणारा गुण्या, आणायला सांगा. खिशात मावतो, त्याला व्होल्टेज लागत नाही, आणि दर महिन्याला मशीनचा फेन्स तपासायला तोच लागणार आहे.